शाळेचं दार आणि कारखान्याचं फाटक

शहाडची ओळख सांगताना इथली माणसं दोनच खुणा सांगतात. एक बिर्लांचं विठ्ठलमंदिर आणि दुसरी सेंच्युरी रेयॉन. पहिल्या खुणेकडे आषाढीला रांग लागते, दुसरीकडे पाळी बदलताना रोजच. कल्याण सोडलं की कसाऱ्याच्या गाडीचं हे पहिलं स्टेशन. सकाळी सातच्या सुमाराला मुरबाड रोडच्या कडेला उभं राहिलं, तर पाठीवर दप्तर घेतलेली मुलं एका दिशेनं जाताना दिसतात आणि हातात डबा घेतलेली माणसं दुसऱ्या दिशेनं. शाळेचं दार आणि कारखान्याचं फाटक यांच्यात पायी गेलं तर पंधरा मिनिटांचं अंतर असेल. पण तेवढं अंतर कापायला एखाद्या मुलाला चार वर्षं लागतात, एखाद्याला दहा, आणि कित्येकांना ते कधीच कापता येत नाही.

दहावीचा निकाल लागला की हे अंतर घरोघरी जाणवू लागतं. मागे एकदा निकालाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या शेजारच्या वहिनी मुलाला पुढे घालून घरी आल्या. मुलाला अठ्ठावन्न टक्के मिळाले होते. "भाऊजी, तुम्हीच सांगा याला. कॉमर्सला जा म्हणतेय, तर म्हणतो आयटीआयला जाणार. लोक काय म्हणतील, नापास झाला म्हणून तिकडं घातला?" मुलगा खाली मान घालून उभा. त्याचे वडील दारातच थांबले होते. वीस वर्षं ठेकेदाराकडे हेल्परचं काम केलेला हा माणूस एरवी फारसं बोलत नाही. त्या दिवशी एवढंच म्हणाला, "माझ्या हाताला काम येतं, पण हातात कागद नाही. याच्या हातात तरी कागद असू दे."

वहिनींची भीती खोटी नव्हती आणि वडिलांचं म्हणणंही खोटं नव्हतं. या दोघांच्या मधे जे उभं आहे, ते म्हणजे शाळेतून कामाकडे नेण्यासाठी सरकारने आपल्या, म्हणजे तुमच्या-आमच्या पैशांतून बांधलेला पूल. आयटीआय, अप्रेंटिसशिप, विद्यावेतन आणि अलीकडच्या नाना योजना. हा पूल कुठे भक्कम आहे आणि कुठे त्याच्या फळ्या निखळल्या आहेत, हे पाहायला शहाडसारखी दुसरी जागा नाही.

छावणीतला वारसा

आयटीआय म्हणजे गुण कमी पडलेल्यांची सोय, असा समज आज रूढ आहे. तिचा जन्म मात्र युद्धाच्या धामधुमीत झाला. दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांना आणि लष्कराच्या वर्कशॉपना कारागीर कमी पडू लागले, तेव्हा १९४० मध्ये सरकारने तंत्रप्रशिक्षणाची योजना काढली. युद्ध संपलं आणि हजारो जवान घरी परतायला निघाले. त्यांना नागरी जीवनात काम मिळावं म्हणून १९४५ मध्ये पुनर्वसन आणि रोजगाराचं स्वतंत्र महासंचालनालय निघालं. रोजगार विनिमय केंद्रं, म्हणजे ज्यांना आपण सर्रास एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणत आलो, तीही याच काळातली. त्यानंतर फाळणी झाली आणि प्रशिक्षणाची हीच दारं निर्वासितांसाठी उघडली गेली.

हा सगळा इतिहास शहाडकराला दूरचा वाटू नये. युद्धकाळात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. त्या बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं उतरली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली, तेव्हा कल्याण कॅम्पाचं उल्हासनगर झालं. जवान, निर्वासित आणि कारागीर ही तिन्ही माणसं ज्या प्रश्नातून आली, तो एकच होता: आधीचं आयुष्य संपलेल्या माणसाला नव्या कामाच्या दारापर्यंत कसं न्यायचं?

१९५० मध्ये याच व्यवस्थेतून कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि ती सगळ्या तरुणांसाठी खुली झाली. १९५६ मध्ये या संस्थांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला. आज महाराष्ट्रात चारशेच्या वर सरकारी आयटीआय आहेत. आपल्या पट्ट्यात उल्हासनगरलाही आहे आणि अंबरनाथलाही.

आणि ते असणं साहजिकच होतं. अंबरनाथला विमकोचा काडेपेटीचा कारखाना होता, ऑर्डनन्स फॅक्टरी होती, १९५३ पासून मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी होती. शहाडला रेयॉन, पलीकडे मोहन्याला एनआरसी. पुढे अंबरनाथ-बदलापूरला एमआयडीसी आली. एवढ्या कारखान्यांना हात हवे होते, आणि नुसते हात नव्हे, तर शिकलेले हात.

का, ते रेयॉनचंच उदाहरण घेऊन सांगता येईल. लाकडाच्या लगद्यावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया होते, मग कार्बन डायसल्फाइडची. त्यातून मधासारखा दाट द्रव तयार होतो आणि तो बारीक छिद्रांतून आम्लाच्या हौदात सोडला की सूत निघतं. साडीवर झुळझुळणारं सूत ते हेच. पण यातलं कार्बन डायसल्फाइड विषारीही आहे आणि चटकन पेट घेणारंही. कुठला व्हॉल्व्ह आधी उघडायचा आणि कुठला नंतर, हे अशा ठिकाणी पुस्तकात वाचून भागत नाही. ते कोणीतरी शेजारी उभं राहून दाखवावं लागतं.

कायद्यानं उघडलेलं फाटक

म्हणूनच १९६१ चा अप्रेंटिस कायदा महत्त्वाचा. आयटीआयने मुलाला फाटकापर्यंत आणून सोडलं, पण फाटक आतून उघडणार कोण? कायद्याने ती जबाबदारी कारखान्यावर टाकली. आपल्याकडच्या मनुष्यबळाच्या ठरावीक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत, असं बंधन आलं. २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला हे बंधनकारक झालं आणि प्रमाण ठरलं अडीच ते पंधरा टक्के.

या कायद्यातल्या काही गोष्टी प्रत्येक आईवडिलांना ठाऊक असायला हव्यात. शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, तो प्रशिक्षणार्थी आहे. त्याचा लेखी करार होतो आणि त्या कराराची सरकारदरबारी नोंद होते. त्याला मिळतो तो पगार नव्हे, विद्यावेतन. आयटीआय झालेल्यासाठी २०१९ च्या नियमांत ते महिना किमान ७,००० रुपये ठरलं. परवानगीशिवाय त्याच्याकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही. काम शिकताना अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी मालकावर असते. धोकादायक उद्योगांतल्या ट्रेडसाठी वयाची किमान अट २०१४ च्या दुरुस्तीने अठरा केली. आपल्याकडच्या रासायनिक पट्ट्यात ही अट फार मोलाची आहे. प्रशिक्षणाच्या शेवटी अखिल भारतीय पातळीवरची परीक्षा होते आणि उत्तीर्ण झालेल्याला राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. शेजारच्या भाऊंना मुलाच्या हातात हवा होता, तो हाच कागद.

दोन मुलं, एक सर्टिफिकेट

पण कागद सारखा असला म्हणून हात सारखे होतात का? आमच्या ओळखीतल्या दोन मुलांची गोष्ट सांगतो. दोघं एकाच चाळीत वाढले. दोघांनी आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड घेतला आणि दोन वर्षं काढली. ज्यांनी ही वर्कशॉप पाहिली नाहीत, त्यांना सांगायला हवं की फिटरची सुरुवात कानशीने होते. लोखंडाचा ओबडधोबड तुकडा व्हाइसमध्ये पकडायचा आणि दिवसच्या दिवस घासत राहायचं. खांदे भरून येतात, तळहाताला फोड येतात. मग गुण्या लावून उजेडाकडे धरायचं. पातं आणि लोखंड यांच्या फटीतून उजेड आला, की जॉब नापास. पुन्हा कानस हातात.

पुढे दोघं वर्षभराच्या अप्रेंटिसशिपला दोन वेगळ्या कारखान्यांत गेले. पहिल्याला मेंटेनन्समधले एक जुने फिटर मिळाले. निवृत्तीला आलेले आणि तोंडाने फटकळ. सुरुवातीचे दोन महिने त्यांनी मुलाला पंपाला हात लावू दिला नाही, नुसतं ऐकायला लावलं. "बेअरिंग बोलतं, ते ऐकायला शीक," असं म्हणायचे. तिसऱ्या महिन्यात पंप उघडून पुढ्यात टाकला आणि म्हणाले, जोड. चुकला, परत जोड. वर्ष संपलं तेव्हा पोराला पंपाजवळून जाताना आवाजातला फरक कळायला लागला होता.

दुसऱ्याला कोणीच मिळालं नाही. जिथे पाठवलं, तिथे अप्रेंटिस म्हणजे जास्तीचा माणूस. गेटपास आणायचे, रजिस्टर भरायचं, साहेबांचा निरोप या खात्यातून त्या खात्यात पोचवायचा, माणूस कमी असेल तिथे उभं राहायचं. तक्रार करायला जागा नव्हती, कारण वागवत वाईट नव्हते. फक्त शिकवत नव्हते. त्यालाही तेवढंच विद्यावेतन मिळालं. त्यानेही परीक्षा दिली, तोही पास झाला.

आज पहिला मुलगा बदलापूरच्या बाजूला एका कंपनीत मेंटेनन्स पाहतो. दुसरा शहाड स्टेशनच्या स्टँडवर रिक्षा चालवतो, इमानाने चालवतो, घर चालवतो. त्यात कमीपणा काही नाही. पण त्याच्या घरी भिंतीवर लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र आहे आणि तो एकदा सहज म्हणाला ते माझ्या मनातून जात नाही. म्हणाला, "काका, मुलाखतीत त्यांनी मला पंपासमोर उभं केलं. मला त्याचं नाव येत होतं, काम येत नव्हतं."

मला सांगायचं आहे ते एवढंच. सरकारचा पैसा मुलाला फाटकाच्या आत पोचवू शकतो. आत गेल्यावर त्याला कामाचा माणूस करतो तो दुसरा कामाचा माणूस. योजनेत त्या माणसाची तजवीज नसेल, तर विद्यावेतन म्हणजे वाट पाहण्याचा भत्ता होतो.

वर्ष संपल्यावर काय?

या पुलाचं दुसरं टोक अधिक नाजूक आहे. अप्रेंटिसशिप संपली म्हणून नोकरी द्यायला मालक बांधील नाही, असं मूळ कायदाच सांगत आला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या एस. टी. महामंडळाच्या प्रकरणात थोडा दिलासा दिला. बाकी सगळं समान असेल, तर बाहेरच्यापेक्षा प्रशिक्षित अप्रेंटिसला प्राधान्य द्यावं, असं त्यात म्हटलं. पण प्राधान्य द्यायला आधी जागा निघावी लागते. इथल्या कारखान्यांचं काय झालं, ते आपण पाहिलंच आहे. विमको गेली. मोहन्याची एनआरसी २००९ मध्ये बंद पडली आणि एका फटक्यात हजारो घरांची चूल विझत आली. जे कारखाने चालू राहिले, त्यांतही कायम कामगाराची जागा ठेकेदाराच्या माणसाने घेतली. ज्या जुन्या फिटरने पोराला बेअरिंग ऐकायला शिकवलं, त्याच्या निवृत्तीनंतर ती जागाच भरली गेली नाही, तर पुढच्या पोराला शिकवणार कोण? कायम कामगार कमी झाला, की नोकऱ्या जातात तशीच शिकवणारी पिढीही जाते. हा दुसरा तोटा कुठल्याच हिशेबात धरला जात नाही.

२० मार्च २०१८ ची सकाळ आपल्या लाइनवरच्या अनेकांना आठवत असेल. रेल्वेत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेली मुलं दादर-माटुंग्याच्या मधे रुळांवर उतरली आणि मध्य रेल्वे काही तास ठप्प झाली. रेल्वेने भरतीत अप्रेंटिसांसाठी वीस टक्के जागा राखल्या होत्या; मुलांचं म्हणणं होतं, शिकवलंत तर सगळ्यांना सामावून घ्या. गाड्यांत अडकलेल्यांनी त्या दिवशी बोटं मोडली, त्यांचाही खाडा होता. पण त्या गर्दीतल्या कितीजणांच्या घरी असाच एक प्रमाणपत्रवाला मुलगा बसून असेल, हाही विचार करावा. रूळ अडवणं योग्य नव्हे, पण ज्या दाराशी सरकारनेच आणून उभं केलं, ते दार बंद पाहून पोरांनी काय करायचं, हा प्रश्न त्यामुळे खोटा ठरत नाही.

नव्या योजना, जुना प्रश्न

सरकारने काही केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. १९८८ च्या सुमाराला महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या पातळीवर किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम, म्हणजे एमसीव्हीसी, सुरू झाले. त्यात विद्यार्थ्याने प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन शिकायचं असे. २०१६ मध्ये केंद्राने राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजना आणली आणि विद्यावेतनाचा पाव हिस्सा, कमाल १,५०० रुपये, आपल्याकडे घेतला. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविका झालेल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना, सहा महिने. त्या वर्षीच्या आषाढीला तिचा गाजावाजा पंढरपुरातूनही झाला आणि लोकांनी तिला 'लाडका भाऊ' असं नाव देऊन टाकलं. त्याच वर्षी केंद्राची प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना आली. मोठ्या कंपन्यांत बारा महिने आणि महिना ५,००० रुपये.

घरात रोख पैसा येणं ही लहान गोष्ट नाही. ज्या घरात मुलाच्या शिक्षणाला रेल्वेचा पाससुद्धा जड जातो, तिथे सहा हजारांनी रेशन भरतं. पण राज्याच्या योजनेतली कितीतरी मुलं सरकारी कचेऱ्यांत, शाळांत, ग्रामपंचायतींत बसली. सहा महिन्यांची मुदत २०२५ मध्ये वाढवून अकरा महिने करण्यात आली, आणि ती संपत आल्यावर 'आता पुढे काय?' असं म्हणत प्रशिक्षणार्थी आंदोलनाला उतरले. १९६१ चा आणि २०१८ चा प्रश्न पुन्हा तिथेच.

जर्मनीचं नाव या विषयात नेहमी निघतं. तिथला मुलगा आठवड्यातले बरेचसे दिवस कारखान्यात असतो आणि एक-दोन दिवस व्यवसायशाळेत. आपण हे कौतुकाने सांगतो, पण त्यातली एक बाब सांगायची राहून जाते. तिथे कारखान्यात शिकवणाऱ्यालाही आपल्याला शिकवता येतं, हे सिद्ध करावं लागतं. त्याची वेगळी परीक्षा असते. म्हणजे योजनेचा पैसा आणि कायदा फक्त शिकणाऱ्याच्या भोवती फिरत नाही, शिकवणाऱ्यापर्यंतही जातो. आपल्याकडच्या एखाद्या योजनेने निवृत्त फिटरला, टर्नरला, प्लांट ऑपरेटरला सन्मानाने मानधन देऊन कारखान्यात परत आणलं आणि 'ही पाच पोरं तुमची' असं म्हटलं, तर? अंबरनाथ-उल्हासनगरच्या घराघरांत अशी माणसं सकाळचं वर्तमानपत्र चाळत बसलेली आहेत. त्यांच्या कानात अजून ती बेअरिंगं बोलतात.

उल्हासनगरने हे एका अर्थी न सांगता केलं होतं. इथल्या छोट्या कारखान्यांत, शिलाईच्या खोल्यांत पोरं उस्तादाच्या हाताखाली शिकली आणि तिथल्या वस्तूंची एवढी ख्याती झाली की 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असा विनोद देशभर पसरला. तिथे उस्ताद होता, पण कागद नव्हता, विमा नव्हता, वयाची अट कोणी पाहत नव्हतं. सरकारी योजनेत कागद आहे, पण उस्तादाची खात्री नाही. दोन्ही एकत्र आणणं एवढं काही अवघड नसावं.

फाटकापाशी विचारायचे प्रश्न

तोवर आईवडिलांनी काय करायचं? मुलाला किंवा मुलीला एखाद्या योजनेत घालताना 'किती मिळतील?' हा प्रश्न जरूर विचारावा, पण तो शेवटी. आधी विचारावं की करार कुठल्या ट्रेडचा आहे आणि त्याची नोंद झाली आहे का. कोणाच्या हाताखाली शिकायचं आहे, त्या माणसाचं नाव विचारावं. नाव सांगता आलं नाही, तर तिथे शिकवणारा कोणी नाही असं समजावं. शेवटी परीक्षा आहे का, प्रमाणपत्र कोण देणार, गेल्या वर्षीच्या मुलांपैकी किती जण आज काम करतात, हे विचारावं. रासायनिक कारखाना असेल, तर पहिल्याच दिवशी सुरक्षेचं काय शिकवतात, हेही विचारावं. असे प्रश्न विचारणारे पालक रोज फाटकापाशी उभे राहिले, तर आतल्यांनाही उत्तरं तयार ठेवावी लागतील.

आमच्या शेजारच्या मुलाला शेवटी आयटीआयला प्रवेश मिळाला. फिटरच घेतलं त्याने. वहिनी महिनाभर रुसून होत्या. दिवाळीच्या सुमाराला एका संध्याकाळी तो वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. उघडलं तर चकचकीत घासलेला लोखंडाचा चौकोनी तुकडा. वहिनींनी तो हातात घेतला, पदराने पुसला आणि टीव्हीशेजारी ठेवायला निघाल्या. इतक्यात भाऊ कामावरून आले. त्यांनी चप्पल काढायच्या आधीच तुकडा मागून घेतला, पोराच्या दप्तरातला गुण्या काढायला लावला आणि दिव्यासमोर धरून एक डोळा मिटला.

"या कोपऱ्यात उजेड दिसतोय," ते म्हणाले. "उद्या पुन्हा घास."

मुलाने तुकडा परत वर्तमानपत्रात गुंडाळला. वहिनी चहा टाकायला आत गेल्या.